‘लार्जां’ : तेल, विमान आणि दोन धनाढ्यांच्या वैराचा मूकपट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच दिग्दर्शक मार्सेल लेर्बिए यांनी १९२८ मध्ये चित्रित केलेल्या ‘लार्जां’ या मूकपटाविषयी मराठी वाचकांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मूकपटांच्या चर्चेत जर्मन आणि रशियन चित्रपटांची नावे जितक्या सहजपणे येतात, तितक्या सहजपणे या चित्रपटाचे नाव येत नाही, आणि मला ही उणीव मनापासून खटकते. पुढील उत्तरांत संपूर्ण कथानक उघड केले आहे.

‘लार्जां’ या शब्दाचा अर्थ काय, आणि चित्रपट कशाविषयी आहे?

फ्रेंच भाषेत ‘लार्जां’ म्हणजे पैसा. निकोला साक्कार हा धडाडीचा, कर्जबाजारी होत आलेला बँकवाला आणि आल्फोन्स गुंडरमान हा जगभरच्या तेलव्यवहारांवर पकड असलेला थंड डोक्याचा धनाढ्य, या दोघांच्या वैराची ही कथा आहे. साक्कारला आपली बुडती ‘बँक युनिव्हर्सेल’ वर काढायची आहे आणि त्यासाठी त्याला तेलाच्या व्यवसायात शिरायचे आहे; परंतु तेल हे गुंडरमानचे राखीव कुरण आहे. या ओढाताणीत झाक आमलँ हा वैमानिक आणि त्याची पत्नी लीन हे तरुण जोडपे भरडले जाते.

ही कथा मूळ कोणाची?

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांची. त्यांच्या ‘रुगों-माकार’ या वीस कादंबऱ्यांच्या मालिकेतील ही अठरावी कादंबरी असून ती १८९१ मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीतील काळ नेपोलियन तिसऱ्याच्या राजवटीचा, म्हणजे १८६० च्या दशकाचा आहे, परंतु झोलांच्या डोळ्यांसमोर होती ती ‘युनियों जेनेराल’ या बँकेची १८८२ मधील दिवाळखोरी. त्या बँकेचे शेअर अवास्तव चढले, मग कोसळले आणि त्यांच्याबरोबर असंख्य लहान गुंतवणूकदार बुडाले. झोला लिहिण्यापूर्वी त्या त्या ठिकाणी जाऊन टिपणे काढत असत. शेअरबाजाराचे कामकाजही त्यांनी तसेच समजून घेतले होते, आणि म्हणूनच कादंबरीत दलाल, कारकून आणि कवडीमोल झालेले शेअर रद्दीच्या भावाने गोळा करणारी माणसेसुद्धा जिवंत वाटतात.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात सांगता येईल का?

आरंभीच साक्कारला गुंडरमानच्या डावपेचांमुळे जबर फटका बसतो. कालपर्यंत पुढे पुढे करणारी माणसे त्याला पाहून न पाहिल्यासारखे करू लागतात. अशा वेळी त्याची गाठ आमलँशी पडते. आमलँकडे फ्रेंच गयानातील तेलसाठ्यांवर काम सुरू करण्याची योजना आहे आणि अटलांटिक एकट्याने ओलांडण्याचे धाडसही आहे. नाही तो फक्त पैसा. साक्कार या दोन्ही गोष्टी एकत्र बांधतो. वैमानिक स्वतः विमानाने गयानाला जाईल, वृत्तपत्रे त्याची गाथा गातील, आणि त्या गाथेवर बँकेचे शेअर चढतील, असा त्याचा हिशेब असतो. आमलँला बँकेचे उपाध्यक्षपद दिले जाते. त्या पदाबरोबर कायदेशीर जबाबदारी येते, याची त्या भाबड्या माणसाला कल्पना नसते.

उड्डाणानंतर विमान कोसळल्याची बातमी पॅरिसमध्ये पसरते. आमलँ सुखरूप असल्याचे साक्कारला ठाऊक असते, तरीही तो तोंड उघडत नाही. शेअर घसरतात, पडत्या भावाने खरेदी होते, आणि वैमानिक जिवंत असल्याचे जाहीर होताच भाव आकाशाला भिडतात. दरम्यान लीनने पती गेल्याचे दुःख भोगलेले असते. साक्कारची नजर आता तिच्यावर आहे. तो तिला ऐषारामाची सवय लावतो, चेकबुक हाती देतो, आणि त्या चेकबुकाच्या पानापानाने तिला आपल्या पकडीत घेतो. तिकडे गयानाच्या उन्हात आमलँची दृष्टी अधू होत जाते. समोर आलेल्या कागदांवर काय लिहिले आहे हे त्याला नीट वाचताही येत नाही.

साक्कारची पूर्वीची प्रेयसी बॅरोनेस सान्दॉर्फ त्याचे गुपित गुंडरमानला पुरवते. गुंडरमानने युनिव्हर्सेलचे शेअर आधीच गुपचूप गोळा केलेले असतात. योग्य घटका येताच तो ते सर्व एकदम बाजारात ओततो आणि बँक कोसळते. खटल्यात आमलँ निर्दोष ठरतो, साक्कारला तुरुंगवास होतो.

हा उद्योगधंद्याविषयीचा चित्रपट म्हणायचा की शेअरबाजाराविषयीचा?

माझ्या मते उद्योग आणि सट्टा यांच्यामधली सीमा किती पुसट आहे, हाच या चित्रपटाचा खरा विषय आहे. गयानात खरोखर तेलाचे काम उभे राहत असते, माणसे घाम गाळत असतात आणि आमलँची निष्ठा संशयातीत असते. परंतु पॅरिसमधील भाव ठरतो तो विहिरीतून निघालेल्या तेलावरून नव्हे. विहिरीविषयी आलेल्या बातमीवरून तो ठरतो. तिकडे तेलाचा थेंब निघण्यापूर्वीच इकडे माणसे श्रीमंत झालेली असतात आणि गरीबही झालेली असतात. साक्कारला तेलाविषयी प्रेम नाही आणि गुंडरमानलाही नाही. दोघांना हवी आहे ती तेलावरची मालकी, आणि ती मालकी दलालांच्या कठड्यापाशी एका दुपारीत हातची जाऊ शकते.

शेअरबाजारातले काही कळत नसेल तर चित्रपट समजेल का?

समजेल. मराठी वाचकाला तर तेजी आणि मंदी हे दोन शब्द पुरेसे आहेत. साक्कार हा हाडाचा तेजीवाला आहे. भाव चढत राहिला तरच तो जगतो, कारण त्याची सगळी पत चढत्या भावावर उभी आहे. बँकेचे भागभांडवल वाढवायचे तर नवे शेअर विकले गेले पाहिजेत, ते विकले जायचे तर जुन्यांचा भाव वर गेला पाहिजे, आणि भाव वर जायचा तर लोकांना रोज काहीतरी चमचमीत ऐकायला मिळाले पाहिजे. या साखळीतला एक दुवा तुटला की सगळे खाली येते.

गुंडरमानचे बळ वेगळे आहे. त्याच्यापाशी रोख पैसा आहे आणि वाट पाहण्याची सवड आहे. ज्याच्या हातात शेअरचा मोठा गठ्ठा असतो, तो त्या शेअरचा मित्र असेलच असे नाही. तोच गठ्ठा एका दिवसात विक्रीस काढला की घेणारे कमी पडतात, भाव गडगडतो, आणि भाव गडगडताना पाहून इतरही विकायला धावतात. गुंडरमान स्वतः यात काही पैसा गमावतो, परंतु त्याला तो परवडतो. प्रतिस्पर्ध्याला बुडवण्यासाठी त्याने मोजलेली ती किंमत असते.

विमानोड्डाणाचा प्रसंग ओढूनताणून घातलेला वाटत नाही का?

आज तसे वाटू शकते. १९२८ मधील फ्रेंच प्रेक्षकाला मात्र तो अगदी कालपरवाचा वाटला असणार. मे १९२७ मध्ये शार्ल नंजेसेर आणि फ्रांस्वा कोली हे दोन फ्रेंच वैमानिक पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाले आणि अटलांटिकवर नाहीसे झाले. ते सुखरूप पोहोचल्याची बातमी ‘ला प्रेस’ या वृत्तपत्राने छापलीही होती, आणि ती खोटी असल्याचे कळताच लोकांचा संताप अनावर झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून उडून पॅरिसला उतरला. ज्या शहराने एक खोटी बातमी साजरी केली होती आणि एक खरे यश डोळ्यांनी पाहिले होते, त्या शहराला वैमानिकाच्या बातमीवर बाजार हलतो हे पटवून द्यावे लागत नव्हते. लेर्बिए यांनी फक्त दिशा उलटी केली : येथे मरणाची बातमी खोटी आहे.

गयानाची निवडही फ्रेंच मनाला झोंबणारी आहे. तेथे फ्रान्सची कैद्यांची वसाहत होती. आपल्याकडे अंदमान म्हटले की काळे पाणी आठवते, तसे फ्रेंच माणसाला गयाना म्हटले की काय आठवत असेल, हे लक्षात घेतले म्हणजे लीन पतीला निरोप देते त्या वेळची तिची भीती अधिक खोल वाटते.

कादंबरी आणि चित्रपट यांत मुख्य फरक कोणते?

काळ साठ वर्षांनी पुढे आणला आहे, हा सर्वांत मोठा फरक. कादंबरीतील साक्कार मध्यपूर्वेत रेल्वे, जहाजवाहतूक आणि चांदीच्या खाणी यांची स्वप्ने विकतो. चित्रपटातील साक्कार तेल आणि विमान विकतो. म्हणजे प्रत्येक पिढीचा साक्कार त्या त्या पिढीला भुरळ घालणारे यंत्र हाती घेतो. कादंबरीत आमलँ हा अभियंता आहे आणि कारोलीन ही त्याची बहीण. चित्रपटात तिची लीन झाली असून ती त्याची पत्नी आहे. कारोलीन ही प्रौढ, विचारी, साक्कारचे आकर्षण आणि त्याची लबाडी ही दोन्ही जाणणारी स्त्री होती. तिच्या जागी आलेली लीन अधिक अजाण आहे, आणि या बदलात काहीतरी मौल्यवान हरवले असे मला वाटते.

दुसरा फरक स्वागतार्ह आहे. कादंबरीतील गुंडरमान ज्यू असून साक्कारच्या तोंडी ज्यूद्वेषाची भाषा सतत येते. चित्रपटाने हे वैर व्यक्ती आणि पद्धती यांच्यापुरते ठेवले आहे.

काळ बदलल्याबद्दल वाद झाला होता असे वाचले. कोणी घातला?

आंद्रे आंत्वान यांनी. पॅरिसमधील ‘तेआत्र लिब्र’ या नाट्यसंस्थेचे ते संस्थापक, वास्तववादी रंगभूमीचे मोठे नाव, आणि झोलांच्या ‘ला तेर’ या कादंबरीवर स्वतः चित्रपट केलेले. झोलांची कादंबरी तिच्या काळातून उपटून काढणे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या आक्षेपामागची आस्था खरी होती; तरीही चित्रपट पाहिल्यावर मी लेर्बिए यांच्या बाजूने उभा राहतो. जुन्या पोशाखांतल्या माणसांचा लोभ प्रेक्षकाला दूरचा वाटतो, आपल्यासारखे कपडे घातलेल्या माणसांचा तसा वाटत नाही.

लेर्बिए हे कोण होते?

जन्म १८८८, मृत्यू १९७९. ‘एल दोरादो’, ‘लिन्युमेन’ आणि इटालियन लेखक पिरांदेल्लो यांच्या कादंबरीवरचा ‘फ मातियास पास्काल’ हे त्यांचे आधीचे मूकपट. पुढे १९४३ मध्ये त्यांनी ‘इदेक’ ही फ्रान्समधील चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापन केली. पैशाविषयीचा आपला तिरस्कार त्यांनी लपवला नाही. पैशावरचे आरोपपत्र दाखल करण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतावा लागतो, या विसंगतीची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

शेअरबाजाराचे प्रसंग खऱ्या बाजारात चित्रित झाले आहेत का?

होय, आणि तो या चित्रपटाचा अभिमानाचा भाग आहे. पॅरिसचा शेअरबाजार ज्या ब्रोंनियार प्रासादात भरत असे, तेथेच १९२८ मध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला जोडून आलेल्या सुट्टीत तीन दिवस चित्रीकरण झाले. सुमारे १५०० माणसे आणि डझनाहून अधिक कॅमेरामन त्यासाठी जमवले होते. मंगळवारी दलालांच्या हाती इमारत परत द्यायची होती, त्यामुळे चुकायला फारशी जागा नव्हती.

त्या दालनाच्या मध्यभागी एक गोल कठडा होता. फ्रेंच लोक त्याला ‘कॉर्बेय’, म्हणजे टोपली, म्हणत. अधिकृत दलाल त्या कठड्याभोवती उभे राहून भाव पुकारत. चित्रपटात कॅमेरा थेट घुमटाखालून या टोपलीवर नजर टाकतो. इतक्या उंचावरून टोप्या, टकले आणि वर उचललेले हात एवढेच दिसते. गुळाच्या ढेपेभोवती मुंगळे लागावेत तशी ती माणसे कठड्याभोवती वळवळत असतात. मग कॅमेरा दोराला टांगलेला असावा तसा गिरक्या घेत खाली येऊ लागतो. तो खरोखरच टांगलेला होता : आपोआप चालणारा छोटा कॅमेरा घुमटातून खाली सोडलेला होता. या गिरक्यांच्या मधे मधे आमलँच्या विमानाचा फिरणारा पंखा, मैदानावर धावणारी चाके आणि जमीन सोडणारे विमान दिसते. विमान वर चढते आहे आणि कॅमेरा खाली घसरतो आहे. पंखा फिरतो आहे आणि बाजारही फिरतो आहे. एक माणूस प्राण पणाला लावून आकाशात जातो त्याच क्षणी त्याच्या प्राणांचा भाव खाली पुकारला जातो, हे येथे पडद्यावरच्या एकाही लिखित पाटीविना कळते. मूकपटांच्या शेवटच्या वर्षांत कॅमेरा किती मोकळा झाला होता, याचा दाखला द्यायचा झाला तर मी हीच दोन मिनिटे दाखवीन.

वैमानिकाच्या बातमीची वाट पाहणारी रात्रीची गर्दी पॅरिसच्या ऑपेरा चौकात, भर रस्त्यात, प्रखर दिवे लावून चित्रित केली आहे. दालने आणि महाल मात्र स्टुडिओत उभारलेले आहेत.

कॅमेऱ्याच्या हालचालींची एवढी चर्चा का होते?

कारण त्या थांबतच नाहीत. छायाचित्रणाची धुरा झ्यूल क्रुगेर यांच्याकडे होती. दिग्दर्शक आबेल गान्स यांच्या ‘नेपोलियों’ या मूकपटावर त्यांनी नुकतेच काम केले होते. कॅमेरा गाड्यांवर ढकलला जातो, छतावरून सरकतो, माणसांच्या पाठोपाठ जातो, त्यांना सोडून भलतीकडेच वळतो. चित्रपटाभ्यासक नोएल बर्च यांनी १९७० च्या दशकात लेर्बिए यांच्यावर लिहिताना या चित्रपटाकडे पुन्हा लक्ष वेधले. येथील अनेक हालचालींना पात्राच्या नजरेचा किंवा कथेच्या गरजेचा आधार नसतो, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे.

मला त्यात कथेशी नाते दिसते. पैसा थांबला तर साक्कार संपला. म्हणून त्याच्या दालनांत कोणीच थांबत नाही, कॅमेराही नाही. गुंडरमानच्या घरी हे बदलते. तेथे भिंतींवर जगाचा अवाढव्य नकाशा पसरलेला आहे, आणि त्याच्यासमोर तो बारीक चणीचा माणूस जवळजवळ न हलता उभा असतो. लाझार मेयरसन आणि आंद्रे बार्साक यांनी उभारलेल्या दालनांची छते इतकी उंच आणि भिंती इतक्या रिकाम्या आहेत की त्यांत वावरणारी माणसे नेहमी थोडी हरवलेली दिसतात. या घरांत राहता येईल असे एकदाही वाटत नाही.

प्रमुख भूमिकांत कोण आहेत?

साक्कार झाले आहेत पिएर आल्कोव्हेर. धिप्पाड देह, जाड मान, अंगावर येणारी चाल. आनंद झाला की ते खोली व्यापून टाकतात आणि हरले की खुर्चीत मावत नाहीत. गुंडरमानच्या भूमिकेत जर्मन नट आल्फ्रेड आबेल आहेत, आणि बॅरोनेस सान्दॉर्फच्या भूमिकेत ब्रिगिटे हेल्म. या दोघांना फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटात शहराचा मालक आणि मारिया म्हणून अनेकांनी पाहिले असेल. निर्मितीत जर्मनीच्या ‘ऊफा’ या चित्रपट कंपनीशी संबंध असल्यामुळे ते दोघे पॅरिसला आले. मारी ग्लोरी लीनच्या आणि हेन्री व्हिक्टर आमलँच्या भूमिकेत आहेत. दुय्यम भूमिकांत गायिका इव्हेत गिल्बेर दिसते, आणि साक्कारचा सचिव माझो म्हणून आँतोनँ आर्तो, जो पुढे रंगभूमीविषयीच्या क्रांतिकारक विचारांसाठी ओळखला गेला.

सान्दॉर्फच्या घरातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. साक्कार तिला जाब विचारायला आला आहे. बाजूच्या खोलीत जुगार रंगला आहे. जुगार खेळणारी माणसे आपल्याला दिसत नाहीत, त्यांच्या प्रचंड सावल्या मात्र वर छतावर पसरलेल्या दिसतात. खाली, चकचकीत वस्त्रात, हेल्म एखाद्या मांजरीसारखी पसरते, मागे सरकते, पुन्हा पुढे येते. साक्कारचे थोराड हात तिच्या गळ्यापर्यंत जातात. सगळा वेळ वर पत्ते पडत असतात.

गुंडरमान चांगला माणूस आहे का? शेवटी तोच जिंकतो ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे. गुंडरमान खोटे बोलत नाही, आवाज चढवत नाही, लीनच्या वाटेला जात नाही. साक्कारच्या शेजारी तो सभ्य दिसतो. पण त्याने एका बँकेला बुडवताना तिच्यात पुंजी ठेवलेल्या हजारो सामान्य माणसांचा विचार केला का? चित्रपटात त्याची एकही खूण नाही. त्याच्यापाशी माहिती वेळेआधी पोहोचते, कारण ती विकत घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी आहे. साक्कार कायदा मोडून लुबाडतो, गुंडरमानला तो मोडावा लागत नाही. खटल्याच्या प्रसंगात एकच माणूस पिंजऱ्यात उभा आहे हे पाहताना मला दरवेळी अस्वस्थ वाटते, आणि दिग्दर्शकाचीही तीच इच्छा असावी.

लीन साक्कारवर गोळी झाडते का?

नाही. त्याच्या घरच्या झगमगत्या मेजवानीत ती पिस्तूल घेऊन पोहोचते, परंतु सान्दॉर्फ तिला अडवते आणि कायद्याचा मार्ग सुचवते. ती हे दयेपोटी करत नाही. तिचे स्वतःचे हिशेब आहेत. लीनची खरी कोंडी पुढे आहे. साक्कारला उघडे पाडायचे तर बँकेचे गैरव्यवहार उघड करावे लागतील, आणि बँकेचा उपाध्यक्ष तिचाच नवरा आहे.

मूकपट असूनही त्यात आवाजाचा प्रयोग झाला होता, हे खरे का?

खरे आहे. विमानाच्या इंजिनाचा आणि बाजारातील गर्दीचा आवाज तबकड्यांवर मुद्रित करून आरंभीच्या प्रदर्शनात वाजवण्यात आला. संवाद अर्थातच नव्हते.

इतका चांगला चित्रपट त्या वेळी मागे का पडला?

कारणे अनेक होती. निर्मितीत लेर्बिए यांच्या ‘सिनेग्राफिक’ कंपनीबरोबर ‘सिनेरोमां’ ही मोठी संस्था होती. तिचे प्रमुख झाँ सापेन यांच्याशी त्यांचे खटके उडाले, आणि प्रदर्शनापूर्वी चित्रपटाला दिग्दर्शकाच्या मनाविरुद्ध कात्री लागली. समीक्षकांचे स्वागतही कोमट होते. इतका खर्च आणि इतकी कॅमेऱ्याची धावपळ कशासाठी, असा सूर निघाला. जानेवारी १९२९ मध्ये तो लोकांसमोर आला तेव्हा बोलपटाचे वारे युरोपात शिरलेच होते. वर्षभरात मूकपट जुना माल ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगाला या कथेची खरी गरज निर्माण झाली, पण तोवर चित्रपटगृहांतून मूकपट उतरू लागले होते.

चित्रीकरण कसे झाले याची काही नोंद आहे का?

आहे, आणि ती दुर्मिळ आहे. झाँ द्रेव्हील या विशीतल्या तरुणाने चित्रीकरण सुरू असताना ‘ओतूर द लार्जां’ हा माहितीपट तयार केला. चित्रपट कसा घडला हे दाखवणाऱ्या पहिल्या स्वतंत्र माहितीपटांमध्ये त्याची गणना होते. त्यात घुमटातून दोराने सोडलेला कॅमेरा, त्याला ढकलणारे, ओढणारे, सांभाळणारे कामगार आणि दिव्यांच्या उष्णतेत उभी माणसे दिसतात. मुख्य चित्रपट पाहून झाल्यावरच तो पाहावा.

मराठी किंवा भारतीय मूकपटांत असे काही आहे का?

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये केलेल्या ‘सावकारी पाश’चे नाव घ्यावे लागेल. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरच्या त्या मूकपटात व्ही. शांताराम यांनी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची भूमिका केली होती. दोन्ही चित्रपटांत कागदावरची सही माणसाला गिळते. तेथे सावकाराच्या खोट्या दस्तावर, येथे बँकेच्या. परंतु पेंटर यांची नजर बुडणाऱ्यावर आहे आणि लेर्बिए यांची बुडवणाऱ्यांवर. ‘सावकारी पाश’ आज उपलब्ध नाही, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची संधी आपल्याला नाही.

आज कोणती प्रत पाहावी, आणि चित्रपट किती लांब आहे?

उपलब्ध प्रती सुमारे अडीच ते पावणेतीन तासांच्या आहेत. मूकपट कोणत्या वेगाने चालवला जातो यावरही लांबी अवलंबून असते. ‘लॉब्स्टर फिल्म्स’ने केलेले पुनरुज्जीवन शक्य असल्यास निवडावे. अंधुक, मोबाइलच्या पडद्याएवढी प्रत पाहून मत बनवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण घुमटाखालची उंची आणि दालनांची रिकामी जागा हाच येथे अर्थ आहे. सलग बसणे जमत नसेल तर विमानोड्डाणानंतर विश्रांती घ्यावी.

चित्रपटात उणिवा नाहीत का?

आहेत. आमलँ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात सज्जन राहतो, त्यामुळे त्याच्याविषयी कणव येते, कुतूहल वाटत नाही. गयानाचे प्रसंग पॅरिसच्या मानाने फिके आहेत. मधल्या तासात लीनभोवतीचे जाळे विणताना कथा रेंगाळते. सामान्य भागधारक गर्दी म्हणून दिसतात, त्यांच्यातला एखादा माणूस ओळखीचा होत नाही. झोलांच्या कादंबरीत घरदार गमावणाऱ्या लहान माणसांना चेहरे होते.

साक्कारला शिक्षा होते, मग शेवट न्याय्य मानायचा का?

न्यायालय त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास देते. तुरुंगाच्या आत त्याची आणि पहारेकऱ्याची गाठ पडते. अंगावरचा डौल उतरलेला असतो, हात रिकामे असतात, बँक राहिलेली नसते. एवढे होऊनही तो पहारेकऱ्याला जवळ बोलावतो आणि सुटल्यावर उभारायच्या नव्या व्यवहाराविषयी सांगू लागतो. ऐकताना पहारेकऱ्याचे डोळे लकाकतात.